दिवाळखोरी घोकून कळत नाही

२२ मे २०२० रोजी हर्ट्झ या मोटारी भाड्याने देणाऱ्या अमेरिकी कंपनीने डेलावेअरच्या न्यायालयात दिवाळखोरीचा अर्ज केला. डोक्यावर सुमारे १९ अब्ज डॉलरचे कर्ज, विमानतळ ओस पडलेले, गाड्या जागच्या जागी उभ्या. अशा वेळी भागधारकांच्या हाती काय लागणार, याचे उत्तर फायनान्सचा कुठलाही विद्यार्थी झोपेतही देईल : शून्य. सगळे कर्ज फिटल्याशिवाय मालकाला दमडीही मिळत नाही. तरीही हौशी गुंतवणूकदार हा शेअर घेत सुटले आणि जाणकारांनी त्यांची यथेच्छ टिंगल केली. पुढच्या वर्षभरात निर्बंध उठले, नव्या गाड्यांची टंचाई झाली, जुन्या गाड्यांचे भाव कडाडले आणि हर्ट्झ ताब्यात घेण्यासाठी गुंतवणूकदारांच्या दोन गटांत चढाओढ लागली. ३० जून २०२१ रोजी कंपनी दिवाळखोरीतून बाहेर पडली, तेव्हा भागधारकांनाही रोख रक्कम, नवे शेअर आणि वॉरंट मिळून शेअरमागे सात-आठ डॉलरचा ऐवज मिळाला होता.

हौशी मंडळींना हे आधीच कळले होते, असे मुळीच नाही. त्यातले कित्येक निव्वळ जुगार खेळत होते. पण 'भागधारकांना शून्य' हे ठरलेले उत्तर देणाऱ्यांपैकी अनेकांनीही एक साधा प्रश्न विचारला नव्हता. गाड्यांची किंमत कोणत्या दिवसाची धरायची?

इन्व्हेस्टमेंट बँकांच्या रिस्ट्रक्चरिंग विभागांत नोकरी मिळवू पाहणाऱ्या मुलांची तयारी नेमकी इथे लंगडी पडते. लझार्ड, एव्हरकोर, पीजेटी, हुलिहान लोकी, मोएलिस, रॉथ्सचाइल्ड ही या धंद्यातली मोठी नावे. कर्जाखाली पिचलेली कंपनी किंवा तिचे धनको यांच्या वतीने वाटाघाटी करणे हे त्यांचे काम. विभाग लहान, जागा मोजक्या आणि मुलाखती कठीण, अशी त्यांची ख्याती. त्यामुळे तयारीचा एक उद्योगच उभा राहिला आहे. प्रश्नोत्तरांच्या पुस्तिका, पैसे भरून मिळणारे कोर्स, सराव-मुलाखती घेणारे 'कोच'. मुंबई-पुण्यातला एमबीए किंवा सीए झालेला उमेदवारही याच पुस्तिका वाचतो. दहावीला '२१ अपेक्षित' प्रश्नसंच सोडवून निभावले, तसे इथेही निभावेल असा त्याचा हिशोब असतो.

पहिल्या फेरीपुरता तो हिशोब चुकीचाही नाही. प्रश्न खरोखरच ठरलेले असतात. चॅप्टर ११ म्हणजे काय? अर्ज दाखल होताच वसुलीला आपोआप स्थगिती का मिळते? दिवाळखोरीत असलेल्या कंपनीला नवे कर्ज कोण आणि कशाच्या जोरावर देते? आराखडा मंजूर व्हायला धनकोंच्या एका वर्गात किती मते लागतात? अमेरिकी कायद्यानुसार मतदान केलेल्या दाव्यांच्या रकमेच्या दोन तृतीयांश आणि संख्येच्या निम्म्याहून अधिक. हे पाठ असायलाच हवे. एका बाजूला न्यूयॉर्कच्या बँकेत काका असलेला मुलगा आणि दुसऱ्या बाजूला त्या वर्तुळात कोणीच ओळखीचे नसलेली मुलगी असेल, तर पुस्तिकेने त्या दोघांमधले अंतर बरेच कमी केले आहे. पुस्तिकेवर सरसकट टीका करणे अन्यायाचे ठरेल.

अडचण दुसऱ्या फेरीपासून सुरू होते. समजा, एका कंपनीचा व्याज, कर आणि घसारा वजा जाण्यापूर्वीचा वार्षिक नफा १०० कोटी आहे. तारण घेतलेल्या बँकांचे ४०० कोटी आणि बिनतारणी रोखेधारकांचे ५०० कोटी देणे आहे. नफ्याच्या सहापट किंमत धरली तर कंपनी ६०० कोटींची. बँकांना पूर्ण ४०० कोटी, उरलेले २०० रोखेधारकांना, म्हणजे रुपयाला ४० पैसे. मालक रिकाम्या हाताने घरी. ज्या थरात पैसे संपतात त्याला धंद्याच्या भाषेत 'फुलक्रम' म्हणतात. कर्जाचे रूपांतर भागभांडवलात झाले की बहुधा हाच थर कंपनीचा नवा मालक होतो. इथे ते रोखेधारक. हे गणित अर्ध्या मिनिटात सुटते आणि पुस्तिकेतले उत्तर इथेच संपते.

पण खरी मुलाखत इथून पुढे सुरू होते. सहापटच का? बँकांचा सल्लागार म्हणेल, धंदा मोडकळीला आला आहे, चारपटीच्या वर कोणी देणार नाही. म्हणजे सगळी कंपनी बँकांची आणि रोखेधारकांना काहीच नाही. मालकाचा सल्लागार म्हणेल, मंदी तात्पुरती आहे, दहापट धरा. मग कंपनी १,००० कोटींची होते, सगळ्यांचे देणे फिटते आणि मालकाच्या पदरात १०० कोटी उरतात. तिन्ही मूल्यांकने नीटनेटक्या तक्त्यांत मांडता येतात आणि तिन्हींवर नामांकित संस्थांच्या सह्या असू शकतात. धनकोंची उतरंड कायद्याने ठरवलेली असते, पण तिच्यात किती पैसे ओतायचे हे भांडणातून ठरते. रिस्ट्रक्चरिंगचे काम हे भांडण लढण्याचे आहे आणि नेमके तेच पाठ करता येत नाही.

दुसरा लाडका प्रश्न 'पीआयके' व्याजाचा. व्याज रोख न देता मुद्दलात मिळवायचे, अशी ही सोय. दहा कोटींचे असे व्याज आणि २५ टक्के कर धरला, तर तिन्ही आर्थिक विवरणांत काय बदलते? निव्वळ नफा साडेसात कोटींनी घटतो, करबचतीमुळे रोकड अडीच कोटींनी वाढते, कर्ज दहा कोटींनी फुगते आणि ताळेबंद जुळतो. उमेदवार हे एका दमात सांगतो. मग समोरून विचारणा होते, "अशा रोख्यांचा धारक संकटात काय करेल?" इथे बहुतेकांची गाडी अडते.

जे.क्रू या अमेरिकी कपड्यांच्या कंपनीचे प्रकरण वाचलेल्या उमेदवाराची अडणार नाही. तिच्या वरच्या होल्डिंग कंपनीने असेच पीआयके रोखे काढले होते. उतरंडीत ते सर्वांत खाली. खुद्द कंपनीवर तारणी कर्ज होते आणि 'जे.क्रू' हे नाव, म्हणजे ट्रेडमार्क, त्या कर्जाच्या तारणात मोडत होता. डिसेंबर २०१६ मध्ये कंपनीने करारातल्या गुंतवणुकीसंबंधीच्या सवलती एकमेकांना जोडून या ट्रेडमार्कचा ७२ टक्क्यांहून अधिक हिस्सा केमन बेटांवरच्या उपकंपनीकडे वळवला. त्याची किंमत सुमारे २५ कोटी डॉलर लावण्यात आली होती. पुढच्या वर्षी, याच मालमत्तेच्या तारणावर पीआयके रोखेधारकांना नवे रोखे देण्यात आले. सर्वांत तळाशी बसलेल्यांच्या हाती तारण आले आणि पहिल्या रांगेतल्या कर्जदात्यांच्या हातून ते सुटले. उतरंड कागदावर जशीच्या तशी होती. मे २०२० मध्ये कंपनी शेवटी दिवाळखोरीत गेलीच. तोवर कर्जदात्यांचे वकील प्रत्येक नव्या करारात ही पळवाट बुजवणारे कलम मागू लागले होते आणि त्या कलमाला जे.क्रूचेच नाव पडले होते.

हिशोब बरोबर असूनही करार वाचला नाही तर उत्तर चुकते, हे त्यातून दिसते. करार वाचला तरी तो कोणत्या न्यायालयापुढे जाणार, हेही पाहावे लागते. सर्टा या गाद्या बनवणाऱ्या कंपनीने २०२० मध्ये बहुसंख्य कर्जदात्यांना हाताशी धरून त्यांचे कर्ज रांगेत पुढे नेले आणि बाकीच्यांना मागे ढकलले. ३१ डिसेंबर २०२४ रोजी अमेरिकेच्या पाचव्या सर्किटच्या अपील न्यायालयाने हा व्यवहार करारात बसत नसल्याचा निर्णय दिला. त्याच दिवशी न्यूयॉर्कच्या अपील न्यायालयाने मायटेल कंपनीच्या अशाच व्यवहाराला मात्र मान्यता दिली, कारण तिच्या करारातले कर्ज-खरेदीचे कलम वेगळे होते. २०२४ साली छापलेल्या पुस्तिकेतले उत्तर २०२५ च्या पहिल्या दिवशी जुने झाले.

अमेरिकी पुस्तिका घोकलेल्या मराठी उमेदवाराची खरी पंचाईत मुंबईतच होते. २०१६ च्या नादारी व दिवाळखोरी संहितेनंतर हा व्यवसाय भारतातही मूळ धरू लागला. सल्लागार कंपन्या, विधी संस्था, बुडीत मालमत्ता घेणारे फंड, बँकांचे विशेष विभाग या सगळ्यांना अशी माणसे हवी असतात. पण इथले नियम निराळे. अमेरिकेत दिवाळखोरीचा अर्ज केल्यावरही साधारणपणे जुने व्यवस्थापनच गाडा हाकते. भारतात न्यायाधिकरणाने प्रकरण दाखल करून घेताच संचालक मंडळाचे अधिकार गोठतात आणि कारभार रिझोल्यूशन प्रोफेशनलच्या हाती जातो. संहितेचे कलम २९अ थकबाकीदार प्रवर्तकाला आपलीच कंपनी मागच्या दाराने परत घेऊ देत नाही. आराखड्याला धनको समितीची मतहिश्श्याने ६६ टक्के संमती लागते. मोठ्या बँकांची एकजूट झाली की पुरवठादार आणि किरकोळ धनकोंनी कितीही ओरड केली तरी उपयोग होत नाही. चॅप्टर ११ तोंडपाठ असलेला उमेदवार इथे आत्मविश्वासाने चुकीची उत्तरे देतो.

त्याने एस्सार स्टीलचे एक प्रकरण वाचले असते, तरी पुष्कळ काम झाले असते. आर्सेलरमित्तलने या कंपनीसाठी ४२,००० कोटी रुपये देऊ केले. तारणधारक बँकांना त्यांच्या दाव्याच्या सुमारे ९२ टक्के मिळणार होते. स्टँडर्ड चार्टर्ड बँकेचा दावाही साडेतीन हजार कोटींच्या आसपासचा, पण तिच्या वाट्याला आले जेमतेम ६० कोटी, म्हणजे पावणेदोन टक्के. कारण तिचे कर्ज एस्सारच्या परदेशी उपकंपनीला दिलेले होते आणि तारण त्या उपकंपनीच्या शेअरचे होते. पोलादाचा कारखाना तिच्याकडे गहाण नव्हता. जुलै २०१९ मध्ये अपील न्यायाधिकरणाने सगळ्या धनकोंना एका पातळीवर आणले. १५ नोव्हेंबर २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय रद्द केला आणि पैसे कसे वाटायचे हा धनको समितीच्या व्यापारी शहाणपणाचा प्रश्न असल्याचे स्पष्ट केले. तारणाचा दर्जा, उपकंपनीच्या कर्जाचे दुय्यम स्थान, समितीचे अधिकार आणि न्यायालयाची मर्यादा हे चारही विषय या एका निकालात सापडतात.

किंवा औरंगाबादला वाढलेल्या व्हिडिओकॉनचे प्रकरण घ्यावे. मान्य झालेले दावे सुमारे ६५,००० कोटींचे. वेदांत समूहाच्या ट्विन स्टार कंपनीने देऊ केले २,९६२ कोटी. समितीने ते मान्य केले आणि जून २०२१ मध्ये मुंबईच्या न्यायाधिकरणानेही मंजुरी दिली. पण धनकोंना जवळपास ९६ टक्के रकमेवर पाणी सोडावे लागते आहे, अशी नाराजी आदेशातच नोंदवली. शिवाय, गोपनीय ठेवायची लिक्विडेशन किंमत आणि ही बोली एकमेकींच्या इतक्या जवळ कशा, असा सवालही केला. जानेवारी २०२२ मध्ये अपील न्यायाधिकरणाने मंजुरी रद्द केली. 'हेअरकट' म्हणजे काय, हे पुस्तिकेत एका ओळीत लिहिलेले असते. बँकांनी ९६ टक्क्यांवर पाणी सोडायची तयारी का दाखवली, याला मात्र एका ओळीचे उत्तर नाही. त्यासाठी दूरचित्रवाणी संचांचा धंदा, तेलक्षेत्रातली गुंतवणूक, एकत्र केलेली तेरा कंपन्यांची प्रकरणे आणि वाट पाहण्याची किंमत या सगळ्यांचा विचार करावा लागतो.

म्हणून या मुलाखतीची तयारी करणाऱ्याने शंभर प्रश्न दहा वेळा घोकण्यापेक्षा एक दिवाळखोरी मुळापासून वाचावी. साधने दुर्मीळ नाहीत. अमेरिकेत मोठ्या प्रकरणांची कागदपत्रे दाव्यांची नोंद ठेवणाऱ्या संस्था फुकट उपलब्ध करून देतात. कंपनीच्या अधिकाऱ्याने पहिल्या दिवशी दिलेले प्रतिज्ञापत्र हा त्यातला सर्वांत वाचनीय कागद. धंदा कसा बसला, कोणाचे किती देणे आहे आणि पुढचा बेत काय, हे त्यात गोष्टीसारखे सांगितलेले असते. त्यानंतर आराखड्यासोबतचे मूल्यांकन वाचावे आणि मग त्यावरचे आक्षेप. भारतात न्यायाधिकरणांचे व सर्वोच्च न्यायालयाचे आदेश फुकट मिळतात. अमेरिकेतल्या सीझर्स या कॅसिनो कंपनीच्या २०१५ मधल्या दिवाळखोरीवर तर मॅक्स फ्रूम्स आणि सुजीत इंदप यांनी अख्खे पुस्तक लिहिले आहे. १८ अब्ज डॉलरच्या कर्जावरून झालेल्या त्या भांडणात मालक फंडांनी चांगल्या मालमत्ता आधीच बाजूला काढल्याचा आरोप होता. २०१६ मध्ये न्यायालयाने नेमलेल्या तपासनीसाने त्या व्यवहारांमुळे झालेल्या नुकसानीचा अंदाज ३.६ ते ५.१ अब्ज डॉलरचा दिला आणि वाटाघाटींचे पारडे फिरले.

यावर एक रास्त आक्षेप येतो. एकच प्रकरण वाचलेल्या मुलाला दुसऱ्या प्रकरणातला प्रश्न आला तर तो काय करणार? पण एस्सारमधला तारणाचा पेच समजलेला मुलगा अनोळखी कंपनीसमोरही आधी विचारतो की कर्ज नेमके कोणत्या कंपनीने घेतले आहे आणि तारण काय आहे. पाठांतर केलेला मुलगा थेट भागाकाराला लागतो. दुसरा आक्षेप वेळेचा, आणि त्यात तथ्य आहे. एस्सारचा निकाल शेकडो परिच्छेदांचा आहे आणि परीक्षा तोंडावर असताना तो वाचणे जिवावर येते. तरीही पाठांतरावर जाणारे दोन-तीन आठवडे पाहता हा सौदा महाग नाही.

दोष एकट्या उमेदवारांचा नाही. मुलाखत घेणारेही तेच ते प्रश्न विचारतात, कारण त्यांची उत्तरे तपासायला सोपी असतात. आकडा बरोबर आला की खूण करायची आणि पुढे जायचे. मग पाठांतर फळते आणि पाठांतराचा उद्योग आणखी वाढतो. मोकळा प्रश्न विचारायचा तर विचारणाऱ्यालाही प्रकरण वाचून यावे लागते. भूषण पॉवर अँड स्टीलचेच पाहा. २ मे २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने जेएसडब्ल्यूचा आराखडा नामंजूर करून कंपनी लिक्विडेशनमध्ये काढण्याचा आदेश दिला. ३१ जुलैला तो आदेश मागे घेतला आणि २६ सप्टेंबरला आराखडा कायम केला. जूनमध्ये मुलाखत देणारा आणि ऑक्टोबरमध्ये देणारा, दोघांची उत्तरे वेगळी असायला हवीत. निकालाच्या तारखा ठाऊक असलेलाच ती तपासू शकेल.

येत्या प्लेसमेंटच्या हंगामात मुंबई-पुण्याच्या व्यवस्थापन संस्थांनी एक प्रयोग जरूर करावा. सराव-मुलाखतीत चाळीस प्रश्नांची फैर झाडण्याऐवजी जेट एअरवेजची फाइल विद्यार्थ्यांना आठवडाभर आधी द्यावी. १७ एप्रिल २०१९ ला शेवटचे उड्डाण, जूनमध्ये मुंबईच्या न्यायाधिकरणात प्रकरण दाखल, जून २०२१ मध्ये जालान-कॅलरॉक यांच्या आराखड्याला मंजुरी, त्यानंतर पैसे आधी की अटींची पूर्तता आधी यावरून वर्षानुवर्षे चाललेला वाद आणि ७ नोव्हेंबर २०२४ ला सर्वोच्च न्यायालयाचा लिक्विडेशनचा आदेश. एक विद्यार्थी स्टेट बँकेच्या बाजूने बसावा, दुसरा खरेदीदाराच्या आणि तिसरी विद्यार्थिनी भविष्यनिर्वाह निधी व ग्रॅच्युइटी थकलेल्या कर्मचाऱ्यांच्या बाजूने. काळ २०२१ चा धरावा. बंद पडलेल्या विमान कंपनीची किंमत कशावरून काढायची, विमानतळांवरचे स्लॉट दुसऱ्यांना देऊन झालेले असताना ती किती उरते आणि आराखडा फसला तर कोणाच्या हाती काय राहते, हे तिघांनी एकमेकांना पटवून द्यावे. वीस मिनिटांनी खुर्च्या बदलाव्यात. बँकेच्या बाजूने बोलणाऱ्याने आता कर्मचाऱ्यांच्या ग्रॅच्युइटीचा हिशोब मांडावा आणि गुण द्यायचे ते याच दुसऱ्या फेरीला द्यावेत.